जात्यावरच्या ओव्यांच्या जुन्या कॅसेट संगणकावर कशा उतरवाव्यात?

कोयनाकाठ

नमस्कार. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी १९८०च्या दशकात ध्वनिमुद्रित केलेल्या सुमारे वीस कॅसेट आहेत. आजीने आणि तिच्या शेजारणींनी पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्या, देवळातली एकादशीची भजने, आणि काका दुबईला नोकरीला असताना घरच्या मंडळींनी पत्राऐवजी बोलून पाठवलेल्या दोन-तीन कॅसेट, असा हा सगळा ठेवा आहे. मुद्रण एकाच टेपरेकॉर्डरवर झाले. तो एका स्पीकरचा, पुढे बटणांची रांग असलेला आणि बहुतेक वेळा सेलवर चालणारा होता. तो आता नादुरुस्त आहे. आजी आज हयात नाही. पण तिच्याबरोबर ओव्या म्हणणाऱ्या दोघीजणी गावात आहेत. त्यांना या ओव्या ऐकवाव्यात आणि कोणता आवाज कोणाचा हे त्यांच्याकडून समजून घ्यावे, अशी माझी फार इच्छा आहे.

सगळ्या कॅसेटची अवस्था सारखी नाही. काही कोऱ्या आणलेल्या सी-६० (दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटांच्या) आहेत, काही सी-९० (नव्वद मिनिटांच्या). चार-पाच मुळात चित्रपटगीतांच्या होत्या आणि त्यांच्या मागच्या बाजूच्या खाचांवर चिकटपट्टी लावून त्यांवरच पुन्हा मुद्रण केले आहे. काहींच्या खिडकीतून पाहिले असता फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. एका कॅसेटची फीत तुटली आहे. भजनाच्या एका कॅसेटमध्ये सगळ्यांचे आवाज बारीक आणि घाईने म्हटल्यासारखे ऐकू येतात.

नमुना म्हणून एक कॅसेट मी शहरातल्या एका दुकानात देऊन पाहिली. त्यांनी पेनड्राइव्हवर एमपी३ दिली. तिच्यातली खरखर गेली हे खरे, पण जात्याची घरघरही गेली आणि आजीचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा झाला. त्यामुळे उरलेले काम घरीच करायचे ठरवले आहे. माझ्या लॅपटॉपला हेडफोनसाठी एकच गोल खोबण आहे. ऑनलाइन मिळणारे, थेट यूएसबीने जोडता येणारे छोटे कॅसेट प्लेअर या कामाला पुरतील का? भुकटी धरलेल्या आणि तुटलेल्या कॅसेटचे काय करावे? आणि खरखर कमी करताना आवाजाचा जीव जाऊ नये यासाठी काय सांभाळावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे ही विनंती.

---

तबकडी

सर्वांत आधी, आज संध्याकाळीच एक गोष्ट करा. ज्या कॅसेटच्या मागच्या खाचांवर चिकटपट्टी लावली आहे, ती काढून टाका, आणि ज्यांचे प्लॅस्टिकचे तुकडे अजून शाबूत आहेत ते मोडून टाका. त्या जागी उघडे भोक असेल तर यंत्रातले रेकॉर्डचे बटण दाबलेच जात नाही. अनोळखी यंत्रावर चुकून लागलेल्या एका बटणाने आजीच्या ओवीवर कायमची शांतता मुद्रित होऊ शकते. तो धोका यामुळे मुळातच संपतो.

आता यंत्राविषयी. या कामातला बहुतेक दर्जा संगणकाच्या अलीकडे, म्हणजे फीत कशी वाजवली जाते यावर ठरतो. जे फितीवरून नीट उचलले गेले नाही ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. यूएसबीच्या त्या छोट्या प्लेअरमध्ये मोटर हलकी असते, वेग डगमगतो, आतला ध्वनी-परिपथ गोंगाट करतो, आणि मुख्य म्हणजे हेडचा, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन नीट लावण्याची सोय बहुधा नसते. वीस कॅसेटसाठी आणि एकदाच करायच्या कामासाठी मी तो घेणार नाही. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा जुना, घरगुती स्टीरिओ डेक, म्हणजे कॅसेट वाजवण्याचे मोठे यंत्र, शोधावा. पुण्यात जुन्या बाजारात आणि मुंबईत चोर बाजारात असे डेक येत असतात. पट्टे आणि सुटे भाग तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला चौकशी केल्यास मिळू शकतात. नवाच हवा असेल तर टीअॅक आणि टॅस्कॅम या कंपन्यांनी अलीकडच्या काळातही डेक काढले आहेत, पण ते महाग पडतात. जुना डेक घेताना आतले रबरी पट्टे बदलूनच घ्यावेत, कारण इतक्या वर्षांत ते सैल तरी पडलेले असतात किंवा वितळून चिकट तरी झालेले असतात.

डेक आणल्यावर पहिली कॅसेट घालण्यापूर्वी त्याची सफाई करा. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेडचा गुळगुळीत चेहरा आणि फीत ओढणारा बारीक धातूचा दांडा पुसा. काडीवर तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत पुसत राहा. दांड्याला टेकणारे रबरी चाक मात्र अल्कोहोलने वारंवार पुसू नये, रबर कडक होते. त्याला साबणाचे किंचित पाणी आणि मग कोरडे कापड पुरते. चार-पाच कॅसेट वाजवल्या की सफाई पुन्हा करावी, कारण जुन्या फितीची भुकटी हेडवर साचते आणि वरचे बारीक स्वर हळूहळू नाहीसे होतात. हे इतके सावकाश घडते की ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

यानंतरचा मुद्दा हेडच्या कोनाचा. दुर्दैवाने घरी काम करणारे बहुतेक जण आणि पैसे घेऊन काम करणारेही पुष्कळजण तो सोडून देतात. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकते. या गतीला उंच स्वरांच्या चुंबकीय खुणा फितीवर अतिशय दाटीने बसलेल्या असतात. मुद्रण करताना हेडची फट ज्या कोनात होती, त्याच कोनात ती वाजवतानाही असली पाहिजे. किंचितही तिरपी झाली की ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार जाते, बांगड्यांची किणकिण जाते आणि आवाजावर पांघरूण घातल्यासारखे होते. तुमच्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन तुम्ही विकत घ्याल त्या डेकसारखाच असेल असे मानण्याला काहीही आधार नाही.

डेकच्या हेडला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. त्यांतला एक, ज्याच्याखाली लहान स्प्रिंग असते, तो कोन बदलण्यासाठी असतो. कॅसेटच्या कप्प्याचे पुढचे झाकण काढले की तो दिसतो. ओवी सुरू असलेली जागा लावा, डाव्या आणि उजव्या बाजूंचे आवाज एकत्र करून मोनोमध्ये ऐका, आणि चुंबकत्व नसलेल्या बारीक पेचकसाने तो स्क्रू अगदी हलक्या हाताने, घड्याळाच्या काट्याच्या दहा-पंधरा मिनिटांइतका, दोन्ही दिशांना फिरवून पाहा. योग्य कोनाजवळ आल्यावर फितीची खरखर आणि शब्दांची धार दोन्ही एकदम उजळतात, आणि तो बिंदू ओलांडला की पुन्हा मळतात. सर्वांत उजळ जागेवर थांबायचे. खरखर वाढली म्हणून घाबरू नका. खरखर स्पष्ट ऐकू येते याचा अर्थ हेड फीत नीट वाचत आहे. कानाची खात्री वाटत नसेल तर थोडा भाग मुद्रित करून संगणकावर लहरी मोठ्या करून पाहाव्यात. तुमचे मुद्रण एका स्पीकरच्या यंत्रावरचे, म्हणजे मोनो आहे. तेव्हा डाव्या आणि उजव्या मार्गांवर तीच लहर दिसायला हवी. एकीचे शिखर दुसरीच्या किंचित मागे पडलेले दिसले, तर कोन अजून चुकलेला आहे. तुमच्या सगळ्या कॅसेट एकाच यंत्रावर मुद्रित झाल्या असल्याने एकदा सापडलेला कोन बहुतेकांना चालेल. तरी प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला ऐकून खात्री करावी. सुरुवात करण्यापूर्वी स्क्रूच्या मूळ जागेवर बारीक खूण करून ठेवा.

डॉल्बीचे, म्हणजे फितीची खरखर कमी करणाऱ्या सोयीचे, बटण बंद ठेवा. घरगुती एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरमध्ये डॉल्बी नसे, आणि डॉल्बीशिवाय मुद्रित केलेली फीत डॉल्बी लावून वाजवली तर वरचे स्वर दबतात. फितीचा प्रकार निवडण्याचे बटण असेल तर ते साध्या, म्हणजे नॉर्मल फितीवर असू द्या.

जोडणीचे सांगायचे तर, लॅपटॉपची ती एकटी खोबण या कामाची नाही. तिच्यात माइकसाठी एकच मार्ग असतो आणि तो मायक्रोफोनच्या अत्यंत क्षीण संकेतासाठी बनवलेला असतो. डेकचा जोरकस संकेत तिथे फाटतो. यूएसबीला जोडायची, लाइन-इन असलेली छोटी ध्वनिपेटी घ्या. बेहरिंगर यूसीए २०२सारखी साधी पेटी १६ बिटची आहे (बिट जितके जास्त, तितकी आवाजाची पातळी बारकाईने नोंदवली जाते) आणि तीही या कामाला वाईट नाही. २४ बिटची परवडत असेल तर ती घ्या. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून लाल-पांढऱ्या तोंडाची केबल या पेटीत जाईल. लॅपटॉपचा चार्जर जोडल्यावर घुंऽऽ असा आवाज येऊ लागला, तर चार्जर काढून बॅटरीवर काम करा; बहुतेक वेळा तो आवाज थांबतो. विंडोजमध्ये ध्वनी ‘सुधारण्याचे’ जे पर्याय आपोआप चालू असतात तेही बंद करावेत.

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी मोफत आहे आणि पुरेसे आहे. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट निवडा. साध्या कॅसेटवरच्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ५० ते ५५ डेसिबल असते आणि १६ बिटमध्ये ९६ डेसिबल मावतात, तेव्हा २४ बिटचा फायदा फितीतून अधिक काही निघते असा नाही. तो पातळी सैल ठेवता येण्यात आहे. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी ठेवा आणि वरच्या शून्याला कधीही टेकू देऊ नका. तिथे कापली गेलेली लहर पुन्हा जोडता येत नाही. एक बाजू पूर्ण, न थांबवता, एकाच फाइलमध्ये घ्या. ओव्या वेगळ्या करण्याचे काम नंतरचे आहे.

---

सागरवेळ

मी रत्नागिरीचा. पावसाळ्यात चार महिने भिंतींना ओल असणाऱ्या घरात कॅसेटचे काय होते ते पुष्कळ पाहिले आहे, म्हणून भुकटी आणि तुटलेली फीत या दोन गोष्टींपुरते लिहितो. बाकीचे तबकडी यांनी उत्तम सांगितले आहे.

ती पांढरी भुकटी बहुधा बुरशी आहे. या कॅसेट आधी बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि कोणत्याही परिस्थितीत चांगल्या डेकमध्ये घालू नका, कारण बुरशीचे कण हेडवर आणि रबरी चाकावर बसून पुढच्या निरोगी कॅसेटवर जातात. प्रत्येक कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत आठवडाभर ठेवा. कोरडेपणात बुरशी मरत नाही, पण तिची वाढ थांबते आणि ओलसर चिकट थर कोरडा होऊन झटकता येण्याजोगा होतो. उन्हात ठेवणे, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारणे, फितीवर अल्कोहोल चोळणे यांपैकी काहीही करू नये. उष्णतेने फीत आकसते आणि अल्कोहोलने चुंबकीय थर सुटण्याची भीती असते.

कोरडी झालेली कॅसेट अंगणात किंवा गच्चीवर, तोंडाला चांगला मास्क लावून उघडा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे काम घरात मुळीच करू नये. पाच स्क्रूंचे कवच असेल तर काम सोपे. ए बाजू वर ठेवून, पांढऱ्या कागदावर आडवी ठेवूनच स्क्रू काढावेत, आणि वरचे झाकण सरळ वर उचलावे. आत काही हलण्यापूर्वी मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवा. दोन चक्र्या, फितीच्या वर आणि खाली एकेक पातळ गुळगुळीत कागद, कोपऱ्यांत दोन लहान फिरत्या चकत्या आणि पुढे मधोमध तांब्याच्या पातळ पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा तुकडा, एवढाच संसार असतो. पण फीत नेमकी कोणत्या खुंटीच्या कोणत्या बाजूने जाते हे छायाचित्राशिवाय आठवत नाही. फितीच्या गुंडाळीच्या वरच्या कडेवर दिसणारी बुरशी मऊ, कोरड्या कुंचल्याने बाहेरच्या दिशेने झटका. मग गुंडाळी तशीच उचलून नव्या, स्क्रूच्या कवचात बसवा. त्यासाठी एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटचे कवच वापरता येते. यानंतर ती एखाद्या टाकाऊ प्लेअरमध्ये पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी, आणि मगच मुख्य डेकमध्ये वाजवावी. हे करताना फीत अडखळली किंवा थर एकमेकांना चिकटून फाटण्याच्या बेतात आले, तर हट्ट धरू नका. अशा कॅसेट ज्यांचा हा व्यवसायच आहे त्यांच्याकडे द्याव्यात.

चित्रपटगीतांच्या विकतच्या कॅसेटची कवचे अनेकदा स्क्रूऐवजी चिकटवलेली असतात. ती सांध्यावर पात्याने हळूहळू फोडावी लागतात आणि परत वापरता येत नाहीत, म्हणून नवे कवच आधी हाताशी ठेवूनच सुरुवात करावी.

तुटलेल्या फितीसाठी नेहमीची चिकटपट्टी वापरू नका. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो, शेजारच्या वेढ्याला चिकटतो, आणि पुढच्या वेळी तिथेच नवी तूट होते. कॅसेटच्या रुंदीची जोडपट्टी ऑनलाइन मिळते. दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून तिरपी कापा म्हणजे ती तंतोतंत जुळतात, त्यांच्यात फट किंवा चढ राहू देऊ नका, आणि पट्टी आतल्या बाजूने लावा. हेडला जी बाजू घासते, म्हणजे कॅसेटमधून बाहेर तोंड करून असणारी, ती मुद्रणाची बाजू होय. तिच्यावर पट्टी येता कामा नये. बहुतेक वेळा मात्र तूट मधे नसते, सुरुवातीचा पारदर्शक तुकडा चक्रीतून निसटलेला असतो. तसे असेल तर तो चक्रीच्या खाचेत पुन्हा दाबून बसवणे एवढेच काम आहे, आणि मुद्रणाचा एक शब्दही जात नाही.

एखाद्या कॅसेटचा आवाज मधेच मंद होऊन पुन्हा येत असेल, तर फितीला दोष देण्याआधी तो नमद्याचा तुकडा जागेवर आहे का ते पाहा. त्याचा डिंक वाळून तो गळून पडतो, मग फीत हेडला टेकतच नाही. दुसऱ्या कॅसेटची पट्टी बसवली की आवाज परत येतो.

---

जानपद

लोकगीतांच्या संकलनाशी माझा बऱ्याच वर्षांचा संबंध आहे, म्हणून दुकानातून आलेल्या त्या एमपी३विषयी लिहावेसे वाटते.

खरखर काढण्याची ऑडॅसिटीतली पद्धत अशी असते: जिथे फक्त नको असलेला आवाज आहे असा एक तुकडा तुम्ही निवडून द्यायचा, आणि सॉफ्टवेअरने त्या तुकड्यात आढळणारे सगळे काही संपूर्ण मुद्रणातून कमी करायचे. ओव्यांच्या मुद्रणात गाणे सुरू होण्यापूर्वी काही क्षण नुसते जाते फिरत असते. न जाणणाऱ्या माणसाला तो ‘रिकामा’ भाग वाटतो आणि तो नमुना म्हणून निवडला जातो. मग दगडावर दगड घासल्याची घरघर सबंध कॅसेटमधून वजा होते, आणि त्या घरघरीत मिसळलेले आवाजाचे खालचे स्वरही तिच्याबरोबर जातात. तुमच्या आजीचा आवाज तसा होण्याचे कारण बहुधा हेच असावे.

जाते ही ओवीची साथ आहे. ओवीची लय हाताच्या फेऱ्यावर चालते, खुंटा स्वतःकडे ओढताना श्वास कुठे घेतला जातो यावर तिचे चरण तुटतात, आणि एकीने म्हटलेली ओवी दुसरीने उचलताना जात्याचा वेग किंचित बदलतो, तोही ऐकू येतो. ही घरघर काढून टाकली तर मागे शब्द राहतात, ओवी राहत नाही. म्हणून नमुना घ्यायचाच असेल तर जिथे यंत्र चालू झाले आहे पण जाते अजून फिरू लागलेले नाही, किंवा दळण संपल्यावर बटण दाबेपर्यंतचा जो अर्धा-एक सेकंद असतो, तिथला घ्यावा. तिथे फक्त फितीची सरसर असते. कपात ६ डेसिबलच्या आसपास ठेवावी, त्याहून अधिक लोभ धरू नये. आणि हे सगळे प्रतीवर करावे. डेकमधून जशीच्या तशी आलेली फाइल कोणत्याही कारणाने बदलायची नाही. उद्या याहून चांगली साधने येतील, तेव्हा तीच फाइल हाताशी लागेल.

मूळ फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटने सी-६०च्या दोन्ही बाजू मिळून सुमारे एक जीबी होतात, म्हणजे तुमच्या वीस कॅसेटना साधारण वीस-तीस जीबी पुरतील. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक स्वरूपात साधारण निम्मी जागा लागते आणि ध्वनीचा एक कणही जात नाही. एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवण्यासाठी करावी. ध्वनिसंग्रहांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएएसए, तिच्या मार्गदर्शिकेत किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगितले आहेत. मोठे संग्रह ९६ किलोहर्ट्झ वापरतात, पण साध्या टेपरेकॉर्डरवरच्या मुद्रणासाठी तबकडी यांनी सुचवलेले प्रमाण मला योग्य वाटते. तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी असावी.

यंत्र जुळवायला महिना लागला तरी चालेल, पण त्या दोघीजणींकडे आधी जा. डेक तयार होईपर्यंत थांबू नका. निरोगी कॅसेटपैकी एक साध्या प्लेअरवर त्यांना ऐकवा आणि त्या बोलत असताना मोबाइलवर मुद्रण सुरू ठेवा. कोणता आवाज कोणाचा एवढेच विचारू नये. प्रत्येकीचे माहेर कोणते हे आवर्जून विचारा, कारण बायका ओव्या माहेराहून घेऊन आलेल्या असतात आणि पाटणातल्या जात्यावर कऱ्हाडची किंवा चिपळूणची ओवी ऐकू येणे अगदी स्वाभाविक आहे. ओवीत ज्या भावाचे, लेकीचे नाव येते तो कोण, दळण रोजचे होते की लग्नघरचे, हेही त्याच सांगू शकतील. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७पासून त्या प्रसिद्ध करायला घेतल्या. त्या संग्रहाचे मोल संख्येत आहेच, पण ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे म्हणून ते कितीतरी वाढते. तुमच्या फाइलच्या नावातही वर्ष, गाव, कॅसेटचा क्रमांक आणि बाजू असावी, आणि कॅसेटच्या कागदी वेष्टनावर जे काही हाताने लिहिले असेल त्याचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये असावे.

या ओव्या पुढे इंटरनेटवर ठेवाव्यात असे वाटले, तर आधी त्या दोघींना आणि बाकीच्या शेजारणींच्या घरच्यांना विचारा. ओवीत सासरचे, नणंदेचे, नवऱ्याचे पुष्कळ काही मोकळेपणाने आलेले असते, आणि ते त्या वेळी फक्त जात्यासमोर म्हटलेले असते.

---

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. चिकटपट्ट्या काढल्या. भुकटीच्या कॅसेट वेगळ्या करून बंद पिशव्यांत ठेवल्या आहेत आणि येत्या रविवारी गावी जाऊन दोघींना भेटणार आहे.

एक प्रश्न राहिला. भजनाच्या ज्या कॅसेटमध्ये आवाज बारीक आणि घाईचे येतात, ती दुरुस्त होऊ शकते का? त्या भजनांना पेटीची साथ आहे. ती पेटी आजही देवळात आहे आणि वाजते. शेवटाकडे जाताना आवाज अधिकच बारीक होत जातात असे मला वाटते.

---

तबकडी

पेटी अजून वाजते आहे, ही फारच चांगली गोष्ट आहे. तुमचे काम तिनेच होईल.

टेपरेकॉर्डर सेलवर चालत होता. सेल उतरत गेले की मोटर मंदावते आणि फीत हळू सरकत असतानाच मुद्रण होते. तीच फीत आज योग्य वेगाने वाजवली की सगळे चढ्या सुरात आणि घाईत ऐकू येते. एकादशीचे भजन लांबले असेल, तर शेवटाकडे सेल अधिक उतरलेले असणार, म्हणून तिकडे सूर अधिक चढलेला असेल.

आधी तुमच्या डेकचा वेग बरोबर आहे याची खात्री करा. विकतची, न पुसलेली एखादी गाण्याची कॅसेट घ्या, तिच्यातले एक गाणे मुद्रित करा आणि त्याच गाण्याच्या आज मिळणाऱ्या डिजिटल प्रतीशी दोन ठळक जागांमधले अंतर मोजून पाहा. पाच मिनिटांत तीन सेकंदांचा फरक म्हणजे एक टक्का. फरक याहून मोठा असेल तर डेकच्या मोटरवरचा वेगाचा स्क्रू लावून घ्यावा लागेल.

मग देवळात जाऊन ती पेटी मोबाइलवर मुद्रित करा: मधल्या सप्तकातल्या सगळ्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या, एकेक करून, भात्याचा दाब सारखा ठेवून. भजनीमंडळातल्या जुन्या माणसांना विचारा की त्या वेळचे बुवा कोणत्या पट्टीत म्हणत. समजा ते काळी एकमध्ये म्हणत आणि कॅसेटमध्ये तोच षड्ज पेटीच्या पांढरी दोनशी जुळतो आहे, तर सूर एका पट्टीने, म्हणजे अर्ध्या स्वराने चढला आहे. अर्ध्या स्वराला वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडतो. तो उतरवण्यासाठी ऑडॅसिटीत वेग मूळच्या ०.९४४ पट करावा. काळी दोनशी जुळत असेल, म्हणजे पूर्ण एक स्वर चढला असेल, तर ०.८९१ पट. वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्यायच वापरा. नुसता सूर किंवा नुसती लय बदलणाऱ्या पर्यायांनी आवाज कृत्रिम होतो, आणि इथे मुळात बिघडलेला वेगच आहे. शेवटाकडे सूर वाढत जातो आहे, त्यासाठी ऑडॅसिटीत टाइम ट्रॅक नावाची सोय आहे; तिच्यात प्रत्येक भजनाच्या सुरुवातीला पेटीचा सूर तपासून एकेक बिंदू लावला की मधला वेग आपोआप हळूहळू बदलत जातो. विजेवर चालवलेल्या मुद्रणात मुख्य विजेची ५० हर्ट्झची घुमघुम सापडते आणि काहीजण तिच्यावरून वेग ठरवतात, पण त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारता स्वतःच वरखाली होत असे, आणि तुमचे यंत्र तर सेलवर होते. पेटीच अधिक विश्वासाची आहे.

ज्या कॅसेटवर एका बाजूला भजन आणि दुसऱ्या बाजूला ओव्या आहेत, तिथे भजनावरून काढलेला वेग ओव्यांना डोळे झाकून लावू नका. मधे सेल बदललेले असू शकतात. ओवीला ठरलेली पट्टी नसते, तेव्हा तिथे त्या दोघीजणींनाच ऐकवा. आपल्या मैत्रिणीचा आवाज मूळचा कसा होता हे त्या लगेच सांगतील.

भजनाच्या कॅसेटच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असा प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचा भाग, काहीही न बदलता, आणि पेटीच्या पट्ट्यांचे मुद्रण इथे ठेवलेत, तर कोणत्या बिंदूला वेग किती ठेवावा हे मी मोजून कळवतो.